निधान

माझा ड्राइव्ह वाचायचा, लिहायचा नाही.
निवृत्त मास्तरासारखा,
दिलं ते चष्मा लावून वाचून दाखवी,
खडू मात्र हातात धरवत नसे.

लिहिणारा ड्राइव्ह मागच्या दुकानात, गुरुबसप्पाकडं.
खानापुरात आमची दुकानं पाठीला पाठ,
मधे हातभर बोळ, बोळात पेरूचं झाड.
माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा,
त्याचा लग्नाच्या पत्रिकांचा.
तो आधी, मी नंतर. गिऱ्हाईक बहुतेक तेच.

शेणोळकरांच्या पोरानं निळी वायर टाकून दिली
पत्र्याच्या भोकातून, पेरूच्या फांदीवरून,
अडीचशे रुपये आणि एक प्लेट मिरची भजी.
नेटवर्कात माझ्या यंत्राचं नाव ‘दुकान एक’.
त्याच्या यंत्राचं ‘अव्वा’.
दोनदा क्लिक केलं की अव्वा दार उघडायची.

पहिल्यांदा मी थेटच जाळायला घेतलं,
बिडीचं लग्न.
फाइल माझ्याकडं, आग त्याच्याकडं,
मधे तीस फूट वायर.
फांदीवर वानर बसलं की काय, देव जाणे,
बासष्ट टक्क्यांवर आगीला घास कमी पडला.
डिस्क गेली.
पत्र्यापलीकडून आवाज आला,
“निधान, अक्का, निधान!”

मला वाटलं, थट्टा करतोय.
वीस रुपयांची राख झाली
आणि ह्याला त्यात निधान दिसतंय.
मग कळलं, त्याच्या भाषेत निधान म्हणजे सावकाश.
आधी अख्खं लग्न इकडं पाठव, म्हणाला,
अक्षता, पंगत, रुसलेला मामा, सगळं.
इथं टेकू दे जरा.
मग चारच्या वेगानं जाळू.

तेव्हापासून मी लग्नं आधी सासरी पाठवते.

एकदा बंद होता.
कुणाचा, आठवत नाही.
दोन्हीकडचे बंद आम्ही सारखेच पाळायचो,
शटर खाली आणि आत ट्यूबलाइट.
नवरीच्या मावशीला पहाटेच्या गाडीनं गोव्याला जायचं,
बावीस डिस्क पाहिजेत, आजच.
ट्रे उघडायचा त्याच्याकडं,
‘डिस्क घाला’ दिसायचं माझ्याकडं.
मी पत्र्यावर एकदा ठोकायची, घाल.
तो दोनदा ठोकायचा, झाली.
सहा तासांत तोंडातून शब्द नाही.
रस्त्यावर पोलिसांची गाडी फिरत होती, दोनदा थांबलीही,
आतला ठोका ऐकून सुतार समजले असतील.

चौदाव्या डिस्कला हेस्कॉमनं वीज काढली.
दोन्ही दुकानांत यूपीएस टिटव्यांसारखे ओरडायला लागले.
दहा मिनिटांची बॅटरी,
पंधरा मिनिटांची आग.

रात्री बोळातून पिशवी आली.
बावीस चांगल्या, एक वाया,
आणि प्रत्येकीवर त्यानं मार्करनं नवरा-नवरीची नावं घातलेली,
त्याच्या लिपीत.
मला वाचता येईनात, पण बघत बसले.
गोल डिस्कच्या कडेकडेनं ती अक्षरं कशी वळली होती!
मी लिहिते तेव्हा शिरोरेघ सरळ जाते
आणि काठावरून खाली पडते.
तशीच दिली मावशीला.
ती म्हणाली, गोव्यात कोण वाचतंय, चालतंय.

आता लग्नं फोनातून जातात.
वायर काढायची राहिलीय, तिच्यावर मुंगळे चालतात.
चौदावी डिस्क मी पेरूला टांगलीय, पोपटांसाठी.
पोपट घाबरत नाहीत.
दुपारी उन्हात तिरकी धरली तर दिसतं,
आतून बाहेर काळपट होत गेलेलं एक वर्तुळ,
मग रेघ, मग कोरं.
रेघेशी मामा रुसून मांडवाबाहेर उभा आहे.
त्याची समजूत काढली तो भाग
त्या डिस्कवर लिहिलाच गेला नाही.