एकसष्ट टक्के

मात्र्योना पेस्त्रिकोव, इयत्ता अकरावी, भूमिती.
इथून, नेब्रास्कातल्या माझ्या स्वयंपाकघरातून,
मला एवढंच दिसतं:
नाव, आणि नावापुढे एक हिरवी पट्टी
जी सत्तेचाळीस दिवस
एकसष्ट टक्क्यांवर उभी आहे.

नियम साधे आहेत.
कधीही सुरू कर, मार्च असो, मंगळवार असो,
पहाटेचे तीन असोत.
धडा वाच, चाचणी दे.
ऐंशीच्या वर गुण मिळाले की पुढचं दार उघडतं.
कमी पडले तर तेच दार, पुन्हा, न रागावता.
घंटा नाही, हजेरी नाही,
शेजारच्या बाकावर कुणी नाही,
कॉपी करायची तर स्वतःचीच.

एकतीस वर्षं मी घंटेवर शिकवलं.
तास संपायच्या तीन मिनिटं आधी
वह्या मिटू लागतात, तो आवाज
अजून माझ्या कानात बसलेला आहे.
इथे कुणी वही मिटली तर कळत नाही.

पहिल्याच दिवशी तिनं लिहिलं होतं:
शाळा चालवायला दहा मुलं लागतात,
आमच्या बेटावर नऊ उरली.
दहावा माझा चुलतभाऊ ओनेसिम,
तो अँकरेजला गेला, मावशीकडे.
त्याच्यावर कुणी रागावलेलं नाही.
मी नकाशात बेट शोधलं, अलास्काच्या खाली.
बोट ठेवलं तर
नखाखाली अख्खं गाव झाकलं गेलं.

जूनमध्ये पट्टी थांबली.
'तुमचा वेग मंदावलेला दिसतो.'
हा निरोप माझा नाही, यंत्राचा आहे,
मी फक्त बटण दाबते.
तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा उत्तर आलं:
सामन आलेत. बोटीवर आहे.
त्यानंतर मी ते बटण दाबलं नाही.

ऑगस्टात एकदा मी कॉफी ओतत होते,
तिच्याकडे अजून अंधार असणार,
आणि पट्टी हलली.
चौसष्ट. सदुसष्ट. सत्तर.
वर्तुळाच्या धड्याला तिनं कागदाचा फोटो जोडला होता.
पुस्तकातला पिझ्झा खोडून
तिनं जाळं काढलं होतं,
बोटीमागून गोल फिरवलेलं,
आणि विचारलं होतं स्वतःलाच:
आत किती पाणी मावलं?
कागदाच्या कोपऱ्याला एक खवला चिकटलेला,
तिला न दिसलेला,
किंवा दिसून ठेवलेला.

उत्तर चुकलं होतं.
मी लिहिलं: त्रिज्या घे, व्यास नको,
तुझा समुद्र चौपट झालाय.
ती म्हणाली: बाबांना हाच बरा वाटला.
वीस मिनिटांनी
समुद्र होता तेवढा झाला.

शेवटची परीक्षा पोस्टात, टपालाच्या थैल्यांशेजारी,
पर्यवेक्षक: पोस्टमास्तरीण फेडोसिया.
तिचा अहवाल माझ्याकडे आला, अक्षर जाडंभरडं:
'विद्यार्थिनीनं दोनदा खिडकीबाहेर पाहिलं.
विमान उतरत होतं.
मीही पाहिलं.'
शेरा या रकान्यात मी लिहिलं: हरकत नाही.

गणित सुटतं, बोट सुटते.
शाळा सुटल्याचं मात्र इथे कुणी ओरडत नाही.
पट्टी शंभरला टेकली
आणि नाव यादीतून खाली सरकलं,
राखाडी रंगाच्या नावांमध्ये.
तिच्या जागी कुणी लूथर, शून्य टक्के.

खातं मात्र तीस दिवस उघडं राहतं.
नोंदीत मला दिसतं:
मात्र्योना, शेवटची भेट, आज, पहाटे चार दहा.
कालही. परवाही.
धडा उघडत नाही, काही पाठवत नाही.
अकरा मिनिटं नुसती येऊन बसते
वर्गात.