शेऱ्याचा रकाना

जूनचा शेवटचा रविवार, हिकलिंग, नॉरफकची पाणथळ.
फळ्यांच्या वाटेवर थर्टल पुढे, मी मागे,
माझ्याकडे तक्ता, दोरीला बांधलेली पेन्सिल.
पन्नास पावलं चालायचं, थांबायचं,
दिसतील ते मोजायचे.

चतुर आणि टाचण्या.
आमची नावं सांगितली तेव्हा थर्टल हसला होता :
एक हुशार, दुसरी कापडाला टोचायची!
त्याच्याकडे एक ड्रॅगन,
दुसरी कुणी राजघराण्यातली पोर.
"तुमची बरी," म्हणाला, "भाव कमी मागतात."

ऊन पडलं साडेनऊला.
बोरूच्या दांड्यावर एक कात चिकटलेली,
पाठीवर उभी चीर, पाय अजून घट्ट.
वर्षभर पाण्याखाली, चिखलात, डासांच्या अळ्या खात
कुणी राहिलं होतं हिच्यात.
आज सकाळी ते वर आलं, फाटलं, बाहेर पडलं,
पंख वाळेपर्यंत थांबलं,
आणि उडालं.
किती लांब?
मी हात लावून मोजलं. दीड वीत.
तिथं जाळं होतं.

टाचणीच ती. निळा रंग यायचा होता अजून,
अंग दुधात पाणी घातल्यासारखं.
तिला मागच्या पायांनी गरागरा फिरवत
कोळीण सूत गुंडाळत होती.
मी एकतीस वर्षं नॉरिचच्या इस्पितळात
पट्ट्या बांधल्या,
इतकी सफाई मला कधी आली नाही.

"आमच्या भाषेत," मी थर्टलला म्हटलं,
"मासे पकडणारा कोळी आणि ही,
शब्द एकच. जाळंही एकच."
तो बराच वेळ बोलला नाही. मग,
"माझा आजोबा इथंच वाम धरायचा.
म्हणजे तोही."
आणि फ्लास्कचं झाकण उघडलं.

जाळ्यात खाली जुने पंख लोंबत होते,
सात. आठवा कुठे गेला कोण जाणे.
पंख ती खात नाही.
वारा आला की ते अजून हलतात,
उडायचं काम जणू त्यांना
कुणी रद्द झाल्याचं कळवलेलंच नाही.

सोडवू का, मी बोटानंच विचारलं.
थर्टलनं मान हलवली. नियम त्याचाच :
इथं आपण फक्त डोळे आणि पेन्सिल.

तेवढ्यात धप्प.
मोठा चतुर, तपकिरी, हिरव्या डोळ्यांचा,
ज्याच्यासाठी थर्टल एप्रिलपासून दिवस मोजतो.
हजारो भिंगं त्या डोळ्यांत,
आणि एक सूत दिसलं नाही.
सगळं जाळं थरथरलं, बोरू वाकला,
कोळीण धावत आली, पुढचा पाय टेकवला,
थांबली.
मी थर्टलकडे बघितलं.
नियमवाल्याचा हात
कठड्यापलीकडे गेलेला.

हात पोचायच्या आत तिनंच ठरवलं.
हा आपल्याला पेलायचा नाही.
ती मागे सरली
आणि एकेक धागा तोडू लागली,
शिवण उसवावी तशी, घाई न करता.
शेवटच्या धाग्याला चतुर स्वतःच्या वजनानं निखळला,
पाण्यापर्यंत पडला,
आणि पाण्याला न टेकता वर गेला
पायात हातभर रेशीम ओढत.

थर्टलनं त्या हातानं टोपी नीट केली.
टोपी नीटच होती.

"मोजलास ना?"
"मोजला."
"आणि ती?"
तक्त्यावर रकाने होते :
जात, नर, मादी, जोडी, अंडी घालताना.
तिच्यासाठी कुठलाच नव्हता.
नर होती की मादी, तेही आता
त्या पांढऱ्या गाठोड्यात.
मी शेऱ्यात लिहिलं, मराठीत,
म्हणजे कचेरीत कुणी विचारणार नाही :
आली होती.

कोळीण तुटलेलं सूत खात बसली होती,
संध्याकाळी पुन्हा तेच काढायला.
थर्टलनं उरलेला चहा गवतात ओतला.
पुढची पन्नास पावलं.