माशीची लाळ

लिंदाउरा आली तेव्हा तिचा सदरा
पाठीला चिकटलेला होता.
पाणी शिंपडून, बोटाबोटानं सोडवला,
तरी पापुद्रा सदऱ्यासोबत गेलाच.
आकिदाउआनाहून इथवर बसमध्ये ती
पाठ न टेकता बसून आली होती.
सोबत धाकटा भाऊ जेरेमियास,
काखेत केळीच्या पानांची गुंडाळी.
चादर टोचते, म्हणाला, पान टोचत नाही.

इकडे या आजाराला वणवाच म्हणतात.
उन्हात भडकतो, चुलीपाशीही.
डॉक्टर साल्दान्या त्याचं लांबलचक नाव लिहितात.
मी फक्त नंबर घालते, दोनशे सतरा,
आणि काचेवर ठेवते
तिच्या पाठीची चिमूटभर कातडी.

अंधारी खोली, निळा दिवा.
भिंगाखाली हिरवं पोळं उजळतं,
एकेका पेशीभोवती बारीक रेघ,
कुणी मन लावून कशिदा काढावा तशी.
इतकी वर्षं बघतेय,
अजून पहिल्या क्षणी सुंदर वाटतं.
मग आठवतं,
जिथे जिथे उजळतंय
तिथे तिथे टाका उसवलाय.

आणि उसवणारे हात तिचेच.
बी पेशी.
नाव पडलं म्हणे
कोंबडीच्या शेपटाखालच्या एका पिशवीवरून.
लिंदाउराच्या अंगणात सात कोंबड्या आहेत,
त्यांना याचा पत्ता नाही.

मी ऐकलंय ते असं :
ओढ्याकाठच्या कुडाच्या घरात
तिन्हीसांजेला चावते वाळूमाशी,
डासाहून लहान, आवाज नसलेली.
तिच्या लाळेतला एक तुकडा
रक्तातल्या एका पेशीनं ओळखला.
ओळखला म्हणजे घोकला,
घोकता घोकता एका बीचं शेत झालं,
आणि दर पिढीला उच्चार
थोडा थोडा बदलत गेला, धारदार होत गेला.
आता कातडीचा तो टाका,
त्याचाही चेहरा जरासा तसाच.
हुबेहूब नाही. भाचा मामावर जावा तितका.

गावात कितीतरी धडधाकट लोकांच्या रक्तात
हीच ओळख सापडते.
पण त्यांची पकड टाक्याच्या शेपटाला,
काही बिघडत नाही.
जेरेमियासचीही मी तपासली. शेपटालाच.
बहिणीची मात्र सरकत सरकत गाठीवर आली.
एकच घर, त्याच माशा.
का, ते साल्दान्यांना विचारलं
तर ते चष्मा पुसत बसले.

औषध चार तास ठिबकलं.
मार्चमध्ये तिच्या रक्तात
एकही बी पेशी सापडली नाही.
मी दोनदा मोजलं.
शून्य लिहिताना हात अडखळला,
शून्य म्हणजे
नवं काही शिकू न शकणारं अंग,
साधा खोकलाही आता
दारातूनच परत पाठवायचा.
आणि काही जुन्याजाणत्या अजून आहेतच,
हाडांच्या मगजात जाऊन बसलेल्या,
औषध शोधतं ती खूण अंगावर न उरलेल्या,
पाठ झालेलं म्हणत.

सप्टेंबरात ती आली
आणि खुर्चीला टेकून बसली.
मी ते आधी पाहिलं, मग तिच्याकडे.
मानेवर तपकिरी डाग,
जळून गेलेल्या माळावर कोंब फुटायच्या आधीचे.
उकडलेला कसावा आणला होता, फडक्यात, अजून कोमट.

नळी भरली, यंत्रात घातली.
पडद्याच्या कोपऱ्यात ठिपके.
अकरा.
कोऱ्या, अजून कशाचीच ओळख नसलेल्या.

परत आल्या? तिनं विचारलं.
आल्या.
कशा आहेत?
पाहुण्यांची चौकशी करावी तसं.
लहान आहेत, मी म्हणाले.

ती हसली नाही, घाबरली नाही.
बाही मनगटापर्यंत ओढली,
घड्याळ पाहिलं.
निघते, म्हणाली,
माशा उठायच्या आत घरी पोचायचंय.