दुसरा ब्रेक

पॅड बिबडीएवढं उरलंय,
सुपडूनं चाकात बोट घालून सांगितलं.
मग जॅकवरच्या गाडीशी उकिडवं बसून
डिस्कवरून नख फिरवलं.
नख अडकलं.
"ताई, पॅड तं गयात,
पन हाई डिस्कबी आते कामनी नही."

पंधरा वर्षं मी धुळ्यात लोकांना गाडी शिकवते.
माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे,
डावीकडच्या सीटपाशी, सळईनं पहिल्याला जोडलेला.
शिकणाऱ्याचं त्याच्याकडे लक्ष नसतं.
कधी कधी गाडी त्याच्या आधी थांबते
आणि तो स्वतःवर खूश होतो.
मीही म्हणते, छान.

सुपडूनं डिस्क सोडवून गोणपाटावर ठेवली.
मांड्याचं उपडं खापर जणू,
जिथे जास्त तापली तिथे निळसर डाग,
आणि गोल गोल रेघा.
ही खोल, बागुल मॅडमची असणार:
देवपूरच्या पुलावर समोरून
कापसानं फुगलेला ट्रॅक्टर आला
आणि त्यांनी डोळे मिटले.
ह्या बारीक, खूपशा, तुळशीरामतात्यांच्या.
बासष्टाव्या वर्षी शिकायला आले,
शेळी दिसली की दाबत,
शेळी गेल्यावरही दाबून ठेवत.
ह्यातल्या माझ्या किती, ते नखाला कळत नाही.
कडेला मात्र एक पट्टी उंच राहिलीय,
पॅड तिथवर कधी पोचलंच नाही.
तिथे अजून पहिल्या दिवशीची जाडी.

लेथवर घासून चालेल का?
सुपडूनं डिस्कच्या पाठीवरचा ओतीव आकडा दाखवला: किमान वीस.
व्हर्निअर लावलं. एकोणीस पूर्णांक चार.
पुढे बोलणंच संपलं.

पाचकंदीलजवळ इद्रिसभाईंचं दुकान,
पंखा नुसता ऊन ढवळतोय.
काउंटरवर तीन खोकी.
हे साडेसहाशेचं, गावात फिरायला चालतंय.
हे सिरॅमिक, आवाज नाही, काळा भुगा नाही,
चाक लग्नातल्यासारखं राहतं.
हे कंपनीचं, भुगा करतं, पण पहिल्याच दाबाला धरतं.
आणि भोकं पाडलेली डिस्क हवी का, चाळणीसारखी?
पोरं नेतात. दिसते भारी.

मी विचारलं, झिजल्यावर ओरडेल ना?
त्यांनी कंपनीचं पॅड उलटं केलं,
कडेला पोलादाची एवढीशी जीभ.
"ही टेकली की बोंबलेल, मॅडम."
साडेसहाशेवाल्याला जीभ नव्हती.

तसे विद्यार्थी असतात माझ्याकडे.
घाबरतात आणि बोलत नाहीत.
त्यांच्याच वेळी माझा पाय दुखतो.

कंपनीचंच घेतलं.
माझी माणसं एकदाच दाबतात,
दुसऱ्यांदा दाबायला त्यांना सुचत नाही.
डिस्क दोन्ही, डावी-उजवी जोडीनं,
एकच बदलली तर गाडी एका अंगाला ओढते.
बिल बघून इद्रिसभाईंनीच मला पाणी दिलं.

सुपडू म्हणाला, आजच शिकवू नका.
आधी पॅड-डिस्कची ओळख होऊ द्या.
साठवर न्या, वीसवर आणा, सोडा.
आठ-दहा वेळा. पूर्ण थांबू नका,
तापल्या डिस्कवर पॅडचा शिक्का उठतो,
मग पेडल कायम थरथरतं.

पहाटे लळिंगकडे निघाले.
कित्येक दिवसांनी उजवीकडे मी.
साठ. वीस. सोड.
जळका वास, पहिल्या पहिल्यांदा येतोच तो.
साठ. वीस. सोड.
किल्ल्याच्या अंगाला उजाडत होतं,
एक ट्रकवाला हॉर्न देऊन गेला, काय समजला कोण जाणे.

सातव्या की आठव्या वेळी डावीकडे लक्ष गेलं.
सीट रिकामी.
आणि खाली तो दुसरा ब्रेक
माझ्या पायाबरोबर
आपोआप खाली जात होता, वर येत होता,
कुणीतरी शेजारी बसून
मला काहीही न बोलता
सांभाळून घेत असल्यासारखा.

नऊला बागुल मॅडमची धाकटी येणार आहे.
म्हणते, मला भीती वाटत नाही.
बघू.