छातीवरचं अक्षर

पेपरात आज दोन विक्रम:
वर नागपूरचं तापमान, शेचाळीस पूर्णांक आठ,
खाली त्या उडणाऱ्या माणसाचे
तीन दिवसांतले कोटी.
वरच्याला मालक नाही.
खालच्याला आहे. त्याचं पत्र
परवा गोळीबार चौकात माझ्या दुकानात आलं,
रजिस्टर, इंग्रजीत.
सही करा, पराते मास्तर.

हेडाऊ वकिलांनी वाचून दाखवलं:
बिल्ला त्यांचा, मुखवटा त्यांचा,
निळ्यावर लाल, ही जोडीसुद्धा त्यांचीच.
"आणि मागचं फडकं?"
वकिलांनी पान उलटवलं, चहा संपवला.
फडक्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

रात्री कूलरसमोर बसून
चौसष्ट बिल्ले उसवले.
बाप माझा लुगड्याचे काठ विणायचा.
त्याची नक्षी सुरतेहून छापील आली, गठ्ठ्यांनी,
स्वस्त,
तेव्हा आमच्या आळीतून
कोणी कोणाला पत्र लिहिलं नाही.
कोणत्या पत्त्यावर लिहिणार?

सकाळी धम्मदीप आला, साडेसहा वर्षांचा.
छातीवरचं टाचांच्या भोकांचं वर्तुळ
बोटानं चाचपत राहिला.
"मंग आता मी कोन आहो?"

पिवळ्या चिंधीतून 'ध' कापला,
मशीनवर मारला. जरा वाकडा बसला.
आरशात पुढून पाहिलं त्यानं, मागून पाहिलं,
मग हळूच:
"थेटरात सोडतीन ना, काका?"

सोडतात बे. तिकीट घेतलं की कोणालाही सोडतात.
उद्याच्या आकड्यात त्याचेही दीडशे असतील.

शिलाईचे चाळीस
अजून बाकी आहेत.