अठरा सेकंद मागे

बाबांचा जुना फोन मी तुळईला बांधला,
गवताचे गठ्ठे बांधायच्या निळ्या दोरीनं, दोन गाठी मारून.
कॅमेऱ्याची काच कोपऱ्यात तडकलेली,
चित्राच्या डाव्या अंगाला कायम एक केस पडल्यासारखा.
राहू दे, म्हटलं. मेंढ्यांना कुठे नटायचंय.

हुसाविकच्या वरच्या अंगाचं शेत, मे महिना,
रात्र नावालाच,
एकशे चाळीस मेंढ्या वेताला आलेल्या.
आणि बाबा रेक्याविकला, चौथ्या मजल्यावर,
कमरेत नवा सांधा, खिडकीत पार्किंग.
त्रेपन्न वर्षांत एकही वेत न चुकवलेला माणूस.
फोनवर विचारायचे, गोल्सा बसली का?
कशी बसली? मान कुठे आहे तिची?
मान कुठे, हे मला शब्दांत सांगता येईना.

म्हणून हे सगळं.
एयविंदुरनं फाटकापर्यंतची तार दाखवली, पुढची मी ओढली.
चित्र वाहतं म्हणतात, पण ते वाहत नाही.
त्याचे तुकडे पाडायचे, सहा-सहा सेकंदांचे,
सुकवलेला मासा मोडावा तसे,
आणि दाराशी एक यादी ठेवायची:
हा झाला, आता हा, मग हा.
पलीकडचा प्लेअर यादी वाचतो, तुकडा उचलतो,
पुन्हा यादीकडे येतो.
प्रत्येक तुकडा तीन मापांचा. मोठा, मधला, चिमुकला.
हॉस्पिटलचं वायफाय रात्री दमलं
की गोल्साचे चौकोन होतात, करडे, पांढरे,
तिचं बें मात्र स्वच्छ पोचतं.

मला नवल वाटलं ते वेगळ्याचंच.
अधूनमधून एक चित्र पूर्ण पाठवतात,
मधल्या वेळात फक्त जे हललं तेवढं.
भिंत, गव्हाण, खुंटीवरचा बाबांचा स्वेटर
यांच्याबद्दल अक्षर कळवायचं नाही;
मागच्यासारखंच आहे, समजून घ्या.
कॅमेरा उलटा फिरवून त्यांच्या पलंगावर लावला असता
तर किती थोडं पाठवावं लागलं असतं.
पापण्या.
एक अंगठा.

अंतर कमी करायला तुकडे दोन सेकंदांचे केले,
तर चित्र अडखळायला लागलं,
मधोमध चाक गरगर फिरत राहिलं.
थोर्दिस नर्सचा फोन आला: ते टॅबलेटला शिव्या देताहेत.
परत सहावर आले.
तीन तुकडे हाताशी जमल्याशिवाय प्लेअर सुरूच होत नाही,
कोठार भरल्याशिवाय बाबा हिवाळ्यात पाऊल टाकत नाहीत, तसा.
सहा त्रिक अठरा.

गोल्सा पहाटे तीनला बसली.
मी बाही वर केली, साबण लावला, हात आत घातला.
एक खूर पुढे, नाक पुढे, दुसरा पाय मागे दुमडलेला.
बोटांनी शोधला, मुठीत धरून सरळ केला,
आणि कोकरू सुळकन पेंढ्यावर,
ओलं, पिवळं, शिंकत.

तेव्हा फोन वाजला.
बाबा ओरडत होते: पाय मागे आहे! ओढू नकोस!
आधी आत ढकल, मग पाय शोध!
अठरा सेकंदांपूर्वीच्या मला ते सांगत होते.
कोकरू तर आईच्या जिभेखाली डोकं हलवत होतं.
मी म्हटलं, हो बाबा. ढकलते.
सापडला?
शोधते आहे.
हळू. घाई करू नकोस.
नाही करत.

मग ते गप्प झाले.
त्यांच्या बाजूनं, टॅबलेटमधून, आमचा मेंढवाडा ऐकू आला:
पेंढा, माझा श्वास, गोल्साची कळ,
आणि पहिली शिंक.
जमलं, बाबा म्हणाले, बघ, जमलं तुला.

फोन स्पीकरवर होता.
स्वतःचंच बें ऐकून गोल्सानं चाटणं थांबवलं,
कान टवकारले,
आणि दाराकडे तोंड करून
त्या कुठल्याशा दुसऱ्या मेंढीला
उत्तर दिलं.