अडीच चमचे

रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर यादी करतेय,
कारण पुढच्या बाजूला आकडे आहेत
आणि त्यांतल्या दोघांखाली लिस्सीनं
लाल रेघ मारलीय, जरा जास्तच दाबून.
रेघ पाठीवरसुद्धा उमटलीय.
तिच्यावरूनच सुरुवात केली : श्रीखंड.

दिवाळी तशी सोमवारीच झाली.
सोमवारी विद्याधर प्लांटवर होता, रात्रपाळीला.
सोहारात सण गुरुवारी संध्याकाळी येतो,
दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे ना, ते बघून.
आज पहिल्यांदाच एसी बंद केलाय.
खिडकीतून समुद्राचा वास येतोय,
त्यात थोडा रिफायनरीचा.

तर श्रीखंड. चक्का नको, लबनेह,
निळ्या झाकणाचा, बिनसायीचा.
साखर निम्मी, वेलची दुप्पट.
करंज्या ओव्हनमध्ये.
(काल चार करून बघितल्या.
बाहेर आल्या तेव्हा चेहरे असे,
जणू व्हिसा नाकारलाय.)
चकल्या माणशी दोन.
विद्याधर पेपरातून डोकं न काढता म्हणाला,
"माणसं कुठल्या मापाची धरलीस?"

मासा खालिद परकार आणणार,
पहाटे बंदरावर जाऊन, कनद, स्वतः कापून घेऊन.
तळणार नाहीये म्हटल्यावर फोनवर गप्प झाला,
मग म्हणाला, "वहिनी, भाजलेला मासा
आमच्या दापोलीत आजाऱ्याला देतात."
म्हटलं, "आजारीच आहेत सगळे, रिपोर्ट दाखवू?"
लसूण, हळद, आणि ते काळं सुकं लिंबू,
इथल्या वाण्याकडचं, दगडासारखं,
फोडलं की घरभर होतं.

वालाची उसळ. तेल एक पळी.
कोशिंबिरीला फोडणी नाही.
वरण. भात.
भातावर

इथं पेन थांबलं.

तुपाची बरणी फ्रीजच्या मागच्या कप्प्यात आहे.
कुडाळहून आली, तीन पिशव्यांत गुंडाळून,
दोन साड्यांच्या मधोमध.
त्यातली हिरवी अजून धुतली नाही मी.

गेल्या वर्षी याच टेबलावर
सदानंदानं वाटी पुढं केली होती.
"वहिनी, हात आखडू नका,
मी काय रोज येतो?"
तिसरी वाटी होती ती.
आम्ही हसलो. लिस्सी नाही हसली.

ऑगस्टमध्ये, साइटवर, जेवणाच्या सुट्टीत,
पाण्याच्या बाटलीचं झाकण हातात.
बाटली बाजूला उभी होती म्हणे,
सांडली नव्हती.

कागदांना नऊ दिवस लागले.
खालिद एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर,
खिशात सदानंदाचे चार फोटो,
नऊ दिवसांत शर्ट बदललेला दिसला नाही.
मग मस्कतला, कार्गोच्या काट्यावर पेटी ठेवली.
आकडा हलत राहिला थोडा वेळ,
थांबेना.
खालिदनं मान फिरवली.
मी वाचला.
सांगितला नाही कुणाला, विद्याधरलासुद्धा.

त्याच विमानतळावर दर मे महिन्यात
आम्ही बॅगा उघडून बसलोय जमिनीवर,
हे काढ, ते ठेव, खजूर तू हातात घे,
एक किलोसाठी भांडलोय पोरांसारखे,
आणि सदानंद सोडायला आलेला,
काढलेलं सगळं आपल्या गाडीत टाकून
म्हणायचा, "राहू दे, मी खातो."

हलकं जेवण, लिस्सी म्हणते,
म्हणजे उपास नाही, चेची.
तिचं बरोबर आहे.
तिचं नेहमीच बरोबर असतं, म्हणून राग येतो.

मी लिहिलं : तूप, माणशी अर्धा चमचा.
एकूण अडीच.

विद्याधरनं यादी उचलली.
आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासलेला माणूस,
बोट फिरवत खाली आला, शेवटच्या ओळीवर थांबला.
"आपण दोघं, लिस्सी, खालिद.
चार अर्धे दोन होतात."

"भांड्याला लागतं थोडं," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
कागद उलटा केला,
लाल रेघेवर अंगठा ठेवून उभा राहिला जरा,
मग पुन्हा सुलटा करून
फ्रीजवर लावला,
उंटाच्या चुंबकाखाली.